खळ

तारक्का हलगेकर रिक्षातून उतरल्या, चार वह्या घेऊन,
शहापूरला, माझ्या बाइंडिंगच्या दुकानात.
कापडी पिशवी, वर सुतळी.
"बाबांच्या आहेत. शिलाई तेवढी घाला.
खरं पानं इकडची तिकडं करू नका."

निपाणीच्या कुठल्याशा वखारीच्या कोऱ्या राहिलेल्या खातेवह्या.
लाल रेघांच्या रकान्यांत
जमेच्या आणि नावेच्या बाजूला
बोटी चिकटवलेल्या.

भुजंग हलगेकर, बुकिंग क्लार्क,
कोकण-कारवार स्टीमर कंपनी, बेळगाव शाखा.
गणपत गल्लीत एक जिना, एक टेबल,
भिंतीला भरती-ओहोटीचा तक्ता.
समुद्र तिथून सव्वाशे किलोमीटर.
तिकीट इथं फाडायचं,
माणूस सर्व्हिस मोटारीनं घाट उतरणार,
वेंगुर्ल्याला पडावात बसणार, पडावातून बोटीत.
पोचला का नाही ते सांगायला
कोण परत जिना चढून येतंय?
म्हणून पेपर.

कंपनीनं बोटींना नद्यांची नावं दिलेली.
हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा.
आमच्याच नद्या. घाटमाथ्यावर जन्मतात,
समुद्र पलीकडं हाकेवर,
तरी त्याच्याकडं पाठ करून
पूर्वेला चालू लागतात.
पेपरातली मलप्रभा तेवढी
मालवणाबाहेर नांगर टाकून उभी.
खाली हिरवी शाई: "आजपासून चालू. उतारू ३१२. हवा छान."
हवा छान, हे यांना बेळगावात कसं कळलं?

दुसऱ्या वहीत घटप्रभा देवगडच्या खडकावर चढते.
पाच पेपरांची पाच कात्रणं, त्यांत एक कन्नड,
कडेला पेन्सिलीनं त्याचं मराठी,
"होडी" खोडून "बोट" केलेलं.
बुडालेल्यांचे आकडेही पाच, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.
सहावा यांचा स्वतःचा, स्थळप्रतींवरून:
बेळगावातून तिकीट काढलेले नऊ.
खानापूरचा गवंडी. नंदगडच्या मायलेकी.
येळ्ळूरचे सहा जण, एकाच लग्नाचे.
नावांपुढं रकाना ओढलाय.
रकान्यात काही नाही.

तिसरीतली खळ पार सुकलेली,
कात्रणं पापडासारखी कडेनं उचलून आलेली.
मागं दुसरंच गाव छापलेलं.
लाठीमार, तोही अर्धाच,
जखमींची नावं "म" पर्यंत.
"सीमाप्र" एवढाच एक शब्द, पुढं कात्री.
सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, उंची कापली गेलेली.
माणूस बोट कापत होता,
त्याच्या हातून जे कापलं गेलं
तेच मी दुपारभर वाचत बसलो.
गिऱ्हाईक येऊन परत गेलं.

चौथीच्या शेवटच्या पानावर बोट नाही.
निपाणी बाजार, तंबाखूचे भाव, तीन ओळी.
हिरवी शाई नाही.
आणि खळ मात्र इतकी की कागद लाकडासारखा.
तंबाखूशी यांचा काय संबंध?
(पानं हलवू नका, म्हणाल्या होत्या.
मी पान हलवलं नाही.)
ओला टीपकागद ठेवला, वर वीट,
संध्याकाळी हाडाची पट्टी हळूच आत सारली.

जाहीर नोटीस.
कंपनी बंद करण्यात येत आहे.
येणे-देणे असणारांनी तीस दिवसांत.
तोंड खाली करून चिकटवली होती,
चारी कडांनी, मध्येसुद्धा.

मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली,
मोरचूद टाकला, कसर लागू नये म्हणून,
आणि होती तशीच परत बसवली,
तंबाखू वर.

शनिवारी तारक्का आल्या.
शिलाई ओढून बघितली, पुठ्ठा हुंगला,
शेवटच्या पानावर तळवा ठेवून थोडा वेळ थांबल्या.
"हे अजून ओलं लागतंय की. उघडलासा काय?"
"कड सुटली होती."
"मग? खाली काय होतं?"
"खळ," मी म्हटलं. "लई खळ."

त्यांनी पैसे मोजले.
वह्या पिशवीत उभ्या घातल्या, मग काढून आडव्या.